बांध कोरला तर गावच दंड करतं, पण जमीन गावाची नाही : इंग्लंडमधल्या लॅक्स्टन गावाची गोष्ट

बांधाचं भांडण कुठल्या गावाला चुकलंय? औताच्या एका तासानं शेजाऱ्याच्या हद्दीत शिरायचं, पुढच्या वर्षी आणखी एक तास. चार-पाच वर्षांत बांध जागा सोडतो. मग मोजणीचा अर्ज, मोजणीची तारीख, त्या दिवशी एक पार्टी गैरहजर, पुन्हा तारीख. दोन पिढ्या कोर्टात जातात.

इंग्लंडमध्ये एक गाव आहे, जिथं हे भांडण गावातच, तेही दरवर्षी ठरलेल्या दिवशी मिटतं. गावाचं नाव लॅक्स्टन. लंडनच्या उत्तरेला साधारण दोनशे किलोमीटरवर, नॉटिंगहॅमशायर नावाच्या परगण्यात. रॉबिन हूडच्या गोष्टीतलं शेरवूडचं जंगल तिथून जवळच. लोकसंख्या अडीचशेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची एखादी मोठी वस्तीच म्हणा. पण शेतीचा अभ्यास करणारे लोक जगभरातून तिथं जातात. कारण आठशे-नऊशे वर्षांपूर्वी इंग्लंडची गावं जशी शेती करत होती, त्या पद्धतीचा सांगाडा तिथं अजून उभा आहे. नुसता दाखवायला ठेवलेला नाही, तर ट्रॅक्टर लावून, कंबाइन फिरवून रोज चालणारा.

तरीही या गावाची दुसरी बाजू आहे, आणि ती जास्त विचार करायला लावणारी आहे. हे गाव २०२० साली विकलं गेलं. शेतं, घरं, हक्क सगळं मिळून. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ती जमीन कसली ते विकणारेही नव्हते आणि विकत घेणारेही नव्हते.

तीन शिवारं आणि एक कोर्ट

आधी पद्धत समजून घेऊ. लॅक्स्टनला तीन मोठी शिवारं आहेत. पश्चिमेचं, दक्षिणेचं आणि गिरणीचं. तिन्ही मिळून आज पाचशे एकरांच्या आसपास. पूर्वी याहून बरंच जास्त होतं. या शिवारांत मध्ये कुठं कुंपण नाही, तार नाही, झाडांची रांग नाही. शिवार लांबट पट्ट्यांत वाटलेलं आहे आणि एका शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही शिवारांत विखुरलेल्या असतात. एक इथं, एक ओढ्याकडं, एक पार टोकाला.

असं का? तर चांगली काळी जमीन एकालाच आणि खडकाळ दुसऱ्यालाच, असं होऊ नये म्हणून. शिवाय एका शिवारात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पहिल्या वर्षी थंडीच्या आधी पेरलेला गहू, दुसऱ्या वर्षी वसंतात पेरायचं पीक, म्हणजे सातू, वाटाणा, घेवड्यासारखं काही, आणि तिसऱ्या वर्षी जमीन पडीक. त्या वर्षी जमिनीला विश्रांती. जुन्या काळी पडीक शिवारात गावाची मेंढरं बसायची आणि खत आपोआप पडायचं. मेंढरं बसवण्याची ही रीत आपल्या धनगरवाड्यांना नव्यानं सांगायला नको. आता तिथं चाऱ्याचं पीकही घेतलं जातं, पण फेर तीन वर्षांचाच.

एकाच्याच पट्ट्या तिन्ही शिवारांत असल्यामुळं दरवर्षी त्याच्याकडं थोडा गहू असतो, थोडं दुसरं पीक आणि थोडी पडीक. कुणाचाच हंगाम पूर्ण रिकामा जात नाही.

आता बांधाचा प्रश्न. मध्ये कुंपणच नाही, तर हद्द कोण सांभाळणार? यासाठी गावाचं स्वतःचं कोर्ट आहे. त्याला कोर्ट लीट म्हणतात. दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटाला, नुकताच गहू पेरलेल्या शिवारात बारा जणांची ज्युरी फिरते. हे बाहेरचे अधिकारी नाहीत, गावचेच शेतकरी. पट्ट्यांच्या टोकाला लाकडी खुंट्या ठोकून हद्द पक्की करतात. कुणी वाटेवर नांगर घातला, शेजाऱ्याच्या पट्टीत शिरला, पाण्याचा चर साफ केला नाही, तर ते लिहून घेतात. दुपारी गावच्या पबमध्ये जेवण होतं. पुढच्या आठवड्यात त्याच पबमध्ये कोर्ट बसतं. पबचं नाव डव्हकोट इन. तिथं दंड ठरतो आणि पुढच्या वर्षीची ज्युरी नेमली जाते. बोलावूनही जो आला नाही, त्यालाही काही पेन्सचा दंड.

दंडाची रक्कम ऐकली तर हसू येईल. थोडेसे पौंड, बस. पण दंडापेक्षा सगळ्या गावासमोर नाव वाचलं जातं, ते जड असतं. पकडणारा शेजारीच, आणि पुढच्या वर्षी पकडणाऱ्यांत आपणही असू शकतो. म्हणून तिथं फार ताणत कुणी नाही.

हा सगळा नुसता देखावा आहे, असं कुणाला वाटेल. तसं नाही. १९७७ साली ब्रिटिश संसदेनं एक कायदा करून अशा जुन्या गावकोर्टांचे अधिकार काढून घेतले. त्या कायद्यात जी मोजकी सूट ठेवली, त्यात लॅक्स्टनचं नाव आहे. म्हणजे या कोर्टाचा अधिकार आजही कायद्याला मान्य आहे.

गावात फिरलं की आणखी काही गोष्टी ओळखीच्या वाटतील. भटक्या जनावरांसाठीचा दगड-विटांचा कोंडवाडा आहे. उताराच्या आणि पाणथळ जागा, जिथं नांगर चालत नाही, त्या गवताला सोडलेल्या आहेत. त्यांना साइक्स म्हणतात. तिथल्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो. आपल्याकडं कुरणाचा व्हायचा तसाच. शेकडो वर्षं नांगर न लागल्यामुळं तिथं रानफुलांच्या अशा जाती टिकल्या आहेत की सरकारनं त्या जागांना संरक्षण दिलं आहे.

आणि एक खूण. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याचं घर त्याच्या रानात, एकटं असतं. लॅक्स्टनमध्ये मात्र शेतकऱ्यांची घरं, गोठे, खळी सगळी गावच्या रस्त्यालाच लागून. कारण सरळ आहे. जमीन दहा दिशांना विखुरलेली असेल तर माणूस राहणार कुठं? मध्यभागीच. म्हणजे गावठाणात.

बाकीच्या गावांचं काय झालं

एकेकाळी मध्य इंग्लंडमधली गावंच्या गावं अशीच होती. मग त्यांचं काय झालं? एका ओळीत सांगायचं तर कुंपण घातलं गेलं.

१६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेत यासाठी पाच हजारांहून जास्त विधेयकं आली. इंग्लंडच्या एकूण जमिनीच्या पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यात गेली. मोठ्या जमीनदारांनी संसदेत अर्ज करायचा, आयुक्त यायचे, मोजणी व्हायची आणि विखुरलेल्या पट्ट्या मोडून प्रत्येकाला एकगठ्ठा तुकडा मिळायचा. कागदावर हे न्यायाचंच दिसतं. पीक सुधारलं, हेही खोटं नाही.

पण खर्च कुणी भरायचा? वकिलाचा, मोजणीचा आणि कुंपणाचा खर्च ज्याच्या त्याच्या डोक्यावर. चार एकरवाल्याला तो झेपत नव्हता. त्यानं आलेला तुकडा विकला. ज्याच्याकडं जमीन नव्हती, पण सामाईक रानात एक गाय चारायची, सरपण आणायची वहिवाट होती, त्याला बहुतेक ठिकाणी काहीच मिळालं नाही. वहिवाट होती, कागद नव्हता. हे लोक मजूर झाले, त्यातले बरेच पुढं गिरण्यांच्या शहरांत गेले.

लॅक्स्टन यातून वाचलं, ते कुणाच्या दूरदृष्टीनं नाही. गावची जमीन मुख्यतः दोन मोठ्या उमरावांची होती आणि दोघांच्या पट्ट्या एकमेकांत अडकलेल्या होत्या. त्यांचं जमेना. जमेपर्यंत शेतीमालाचे भाव पडले आणि कुंपणावर पैसा घालण्यात अर्थ उरला नाही. दोन भावकीच्या भांडणात एखादं जुनं झाड वाचतं, तसंच हे झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या जमीनदारानं पट्ट्यांची संख्या बरीच कमी करून त्या मोठ्या केल्या, पण पद्धत मोडली नाही. पट्ट्या डेव्हनमधल्या ब्राँटन गावीही उरल्या आहेत. पट्ट्या, पीकफेर आणि कोर्ट ही तिन्ही मात्र आज लॅक्स्टनलाच एकत्र दिसतात.

या गावाचं नशीब आणखी एका बाबतीत चांगलं. १६३५ साली गावच्या तेव्हाच्या मालकानं, लंडनच्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं, मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराकडून गावाचा नकाशा करून घेतला. त्या साली शिवाजी महाराज पाच वर्षांचे होते, म्हणजे किती जुनी गोष्ट ते बघा. त्यात प्रत्येक पट्टी काढलेली आहे, नांगर धरलेली माणसंसुद्धा काढलेली आहेत. तो नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जपून ठेवला आहे.

गाव विकलं जातं म्हणजे काय

आता मूळ मुद्दा. एवढा जुना वारसा, एवढं स्वतःचं कोर्ट, पण जमीन कुणाची? गावाची नाही. खुल्या शिवारातले शेतकरी हे कूळ आहेत. खंड भरतात आणि कसतात.

१९५२ पर्यंत गाव अर्ल मॅनव्हर्स या उमराव घराण्याच्या मालकीचं होतं. त्या साली ते ब्रिटिश कृषी मंत्रालयानं विकत घेतलं, ही जुनी पद्धत टिकावी म्हणून. देशाचा कृषिमंत्री या गावाचा मालक झाला. १९८१ साली मंत्रालयानं ते क्राऊन इस्टेट या संस्थेकडं दिलं. ही संस्था राजघराण्याच्या नावावरची मालमत्ता सांभाळते, नफा सरकारी तिजोरीत जातो. २०१८ मध्ये या संस्थेनं गाव विकायचं जाहीर केलं. आणि २०२० मध्ये ते घेतलं थोर्सबी इस्टेटनं. ही इस्टेट कुणाची? त्याच जुन्या मॅनव्हर्स घराण्याच्या वारसांची. ६८ वर्षांनी गाव फिरून त्याच दारात आलं.

यात कुणी लबाडी केली असं नाही. नव्या मालकांनी पद्धत चालू ठेवली आहे, कोर्ट बसतं आहे. उलट, शेजारच्याच जुन्या घराण्यानं घेतलं म्हणून बरं झालं, नाहीतर एखाद्या गुंतवणूक कंपनीनं घेतलं असतं तर काय, असाही एक विचार आहे आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. पण प्रश्न मालक चांगला की वाईट हा नाही. गावाचं उद्याचं ठरवताना गावाला किती विचारावं लागतं, हा आहे. मालक दिलदार आहे तोवर सगळं चालतं. मालक बदलला की सगळं नव्यानं.

इथं आपल्याकडचा एक दाखला लावून बघायला हरकत नाही. जुन्या मुंबई राज्यात कूळकायदा झाला १९४८ ला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारं कूळ जमिनीचं मालक ठरलं. मराठवाड्याचा आणि विदर्भाचा कायदा वेगळा, पण दिशा तीच. म्हणजे लॅक्स्टनचं कूळ एका जमीनदाराकडून सरकारी जमीनदाराकडं गेलं, त्यानंतर पाचच वर्षांनी आपल्याकडचं कूळ सातबाऱ्यावर आलं. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं, त्यांच्या स्वतःच्या गावात हे झालं नाही. तिथं कुळाला संरक्षण देणारे कायदे आहेत. १९८६ च्या कायद्यातल्या जुन्या करारांना वारसाहक्कही आहे. पण १९९५ नंतरचे नवे करार बहुतेक मुदतीचे. मुदत संपली की मालकाची मर्जी.

अर्थात आपल्याकडचं पुढचं चित्र सगळं छान आहे, असंही कुणी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. मालक झालो, पण चार भावांत वाटणी होऊन एकराचे गुंठे झाले. इंग्लंडमध्ये १९२५ पर्यंत मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडं जायची, त्यामुळं इस्टेटी अखंड राहिल्या आणि धाकट्यांनी बाहेरची वाट धरली. आपल्याकडं समान वाटा. न्याय झाला, जमीन मात्र बारीक झाली. १९४७ ला तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, सर्व्हे नंबरांचे गट झाले. कितीतरी गावांत कागदावर गट बदलले, ताबा जुन्याच जागी राहिला आणि त्याचे दावे नातवंडं लढत आहेत. आणि २०२५ मध्ये राज्य सरकारनं याच कायद्यात सूट देऊन जुने छोट्या तुकड्यांचे व्यवहार नियमित करायचं ठरवलं. ७८ वर्षं कागदावर बंदी आणि जमिनीवर तुकडे, असा हा प्रवास.

लॅक्स्टनची गंमत अशी की तिथं तुकडे आहेत, विखुरलेलेही आहेत, आणि तरी भांडण नाही. कारण तुकड्यांबरोबर एक नियम आणि तो पाळून घेणारी माणसं टिकली. पिकाचा फेर सगळ्यांचा एक, वाट सगळ्यांची एक, चराची सफाई सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आपल्याकडं हद्दीचे दगड आले ते १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू झालेल्या गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या मोजणीतून. त्या मोजणीनं सरकारला सारा कुणाकडून घ्यायचा ते पक्कं कळलं. पण दगड हलला तर बघणारं गावातलं कोण, याची व्यवस्था हळूहळू तालुक्याच्या कचेरीत गेली. आज अडीचशे फूट बांधासाठी माणूस एसटीनं तालुक्याला खेटे घालतो.

पब, दुकान आणि बोली लावायचा हक्क

लॅक्स्टनला पब आहे, चर्च आहे, गावचा हॉल आहे. पबच्या आवारात शेतीच्या पद्धतीची माहिती देणारं छोटं संग्रहालय आहे. गावाबाहेर एका शेतघरात १९९५ साली सुरू झालेलं होलोकॉस्ट संग्रहालय आहे, हिटलरच्या काळात मारल्या गेलेल्या ज्यूंच्या आठवणींचं. तिथं देशभरातून शाळांच्या सहली येतात. हायस्कूल, दवाखाना, मोठा बाजार यासाठी मात्र टक्सफर्ड किंवा ऑलर्टन गाठावं लागतं. गाडी नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे तिथंही हालच.

इंग्लंडच्या खेड्यांत गेली वीस-पंचवीस वर्षं एकच रडगाणं आहे. पोस्ट बंद, बँकेची शाखा बंद, बसच्या फेऱ्या कमी, शेवटी पब बंद. पब बंद होणं म्हणजे नुसतं दारूचं दुकान बंद होणं नव्हे. तिथं गावाच्या बैठका होतात, वर्गणी ठरते, कुणाच्या घरी काय झालं ते कळतं. आपल्याकडं पार आणि चहाची टपरी मिळून जे काम करतात, ते.

यॉर्कशायरमधल्या हडस्वेल गावाचं उदाहरण तिथं सगळे देतात. गावचा एकुलता पब २००८ ला बंद पडला. गावकऱ्यांनी शेअर काढून पैसे जमवले, पब विकत घेतला आणि २०१० ला उघडला. त्यातच छोटं दुकान, वाचनालय, मागं भाजीपाल्याचे वाफे. २०१६ साली त्याला देशातला सर्वोत्तम पब म्हणून मान मिळाला.

पुढं २०११ च्या कायद्यानं गावाला एक सोय दिली. पब, दुकान, हॉल अशी जागा गावाच्या उपयोगाची म्हणून नोंदवता येते. मालकानं ती विकायला काढली आणि गावानं घ्यायची इच्छा कळवली, तर पैसे जमवायला सहा महिने मिळतात. पण खोट इथंच आहे. सहा महिन्यांनी मालकानं गावाला नाही म्हटलं आणि दुसऱ्याला दिलं, तरी कायदा काही करू शकत नाही. २०२५ च्या जुलैत ब्रिटिश संसदेत मांडलेल्या विधेयकात ही मुदत बारा महिन्यांची करून गावाला पहिला हक्क देण्याची तरतूद आली, ती यामुळंच.

आणि हे सगळं इमारतींपुरतं. लॅक्स्टनसारखं अख्खं शिवार विकायला निघालं तर गावानं काय करायचं, याला इंग्लंडमध्ये उत्तर नाही. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये आहे. तिथल्या आयग बेटावरच्या लोकांनी वर्गणी जमवून १९९७ ला अख्खं बेट जमीनदाराकडून घेतलं. २००३ ला स्कॉटलंडनं कायदा करून गावांना जमीन घेण्याचा पहिला हक्क दिला. एकाच राजाचे दोन प्रदेश, कायदे दोन.

लॅक्स्टनला आता मालकीपेक्षाही जवळची काळजी वेगळी आहे. ब्रेक्झिटनंतर एकरावर मिळणारं जुनं अनुदान टप्प्याटप्प्यानं बंद होत आलं. त्याच्या जागी निसर्ग जपण्यासाठी पैसे देणाऱ्या योजना आणल्या, त्यातली मोठी योजना २०२५ च्या मार्चमध्ये नव्या अर्जांसाठी अचानक बंद केली. दुसरीकडं शेतजमिनीच्या वारसावर कर लावण्याच्या घोषणेवरून २०२४ च्या नोव्हेंबरात हजारो शेतकरी लंडनला जमले. कर मालकांचा प्रश्न, अनुदान कुळांचा. पण दोन्हीचा परिणाम एकच, छोटा शेतकरी कमी होतो आणि त्याची जमीन शेजारचा मोठा घेतो.

बाकी गावांत त्यानं फार बिघडत नाही, एक घर बंद होतं एवढंच. लॅक्स्टनचं गणित वेगळं आहे. तिथं ज्युरीला बारा माणसं लागतात. शिवार दोघा-तिघांच्याच हातात गेलं तर हद्द कुणी कुणाची बघायची, आणि दंड कुणी कुणाला करायचा? पट्ट्या नकाशावर राहतील, खुंट्या ठोकायला माणूस राहणार नाही. पोरं शेतीत राहतात की नाही, यावर ते ठरणार, आणि खंड परवडतो की नाही, यावर पोरं राहतात की नाही ते ठरणार. खंड किती ठेवायचा हे मात्र गावचं कोर्ट ठरवत नाही. त्या कोर्टापुढं फक्त बांध येतो.